पाय धुण्याचा दिवस

सुथोनच्या डाव्या पायाला जखम झालीय ही बातमी अख्ख्या गावाला ठाऊक होती, आणि ती पसरवली होती त्याच्याच बायकोनं. तैवानच्या कारखान्यात यंत्रात पाय सापडला, असं लमाय सांगायची. नवरा तैवानला आहे असं तिनं तीन वर्षं दोन महिने ज्या तोंडानं सांगितलं, त्या तोंडाला हे आणखी एक काही जड नव्हतं. खरं तर इतके दिवस सुथोन तुरुंगात होता. कलिंगडांच्या खाली नशेच्या गोळ्या लपवून गाडी नेताना तो नाक्यावर सापडला होता. शिक्षा सरायच्या आधीच चांगल्या वागणुकीवर सोडलं, पण घोट्याला काळा पट्टा अडकवून. तालुक्याबाहेर पाऊल पडलं की तिकडे देखरेखीच्या साहेबांच्या कचेरीत कळणार. रोज दोन तास तो चार्ज करायचा. विसरलं की पट्टा आधी थरथरणार, मग फोन येणार. त्या पट्ट्यावर आता बँडेजची जाडजूड गुंडाळी होती.

गाव मायाळू होतं, हीच पंचाईत. शेजारची बुआली मावशी तीनदा पाल्याचा लेप वाटून घेऊन आली.

"सोड ते फडकं. बघू तरी दे."

"डॉक्टर नको म्हणालाय, मावशी."

"तो काय तैवानहून बघायला येणाराय? महिना झाला, मेल्या! पाय कापला म्हणजे बसशील एका पायावर उड्या मारत."

अंगणातल्या बायका हसल्या. सुथोनही हसला. मग आत जाऊन, दार लावून, तो प्लगशेजारी बसला. पायातून निघालेली वायर भिंतीत गेलेली, आणि हा खुंटीला बांधलेल्या रेड्यासारखा दोन तास जागच्या जागी. आपण हसलो कशाला, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्यात मुलाचा दीक्षेचा दिवस जवळ आला. कावी तेवीस वर्षांचा. पावसाळ्याचे तीन महिने तो विहारात भिक्खू म्हणून राहणार होता. मुलगा चीवर घालतो त्याचं पुण्य आईबापाच्या पदरात पडतं, आणि कुणाच्या पदराला त्याची किती गरज आहे हे त्या घरात बोलायची गरज नव्हती. पण दीक्षेआधी मुलानं सगळ्या गावासमोर आईबापाचे पाय धुवायचे, झाल्यागेल्याची माफी मागायची, आणि त्यांनी 'माफ केलं' म्हणायचं, अशी रीत. मग पुढचं सगळं.

"माझ्या जागी तुझ्या काकांना बसव," सुथोन म्हणाला.

"काका माझे बाप आहेत का?"

"अरे, पण हे पायातलं..."

"बँडेजला हात लावत नाही, बा. बोटांवर पाणी घालतो. कोण बघतंय!" कावी म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "तीन वर्षं मीसुद्धा तैवान तैवान करत फिरलोच की. आणखी एक दिवस."

हे शेवटचं सुथोनला लागलं. बापापायी पोरगा खोटं बोलायला शिकला, आणि त्याची सवयही झाली.

आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. एका प्लगवर लाउडस्पीकर, दुसऱ्यावर पंखे, तिसऱ्यावर भाताचं भांडं. प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी आडवं झालेलं. गावच्या पुढाऱ्याला कचेरीनं कळवल्यामुळे पट्ट्याचं माहीत होतं. त्याच्या घरी जाऊन चार्ज करता आला असता. पण पुढाऱ्याकडेही पाहुणे होते, आणि त्यांच्यासमोर विजार वर करायची सुथोनला छाती झाली नाही. एक दिवस निघेल, असं त्यानं मनाला बजावलं. असल्या बजावण्यातूनच तो त्या कलिंगडांच्या गाडीत बसला होता, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

सकाळी कावीच्या केसांची पहिली बट सुथोननंच कापली. बाकीच्यांनी एकेक बट कापली, मग एका भिक्खूनं वस्तरा फिरवला. गोटा झालेल्या डोक्यानं, पांढऱ्या वस्त्रात पोरगा समोर आला तेव्हा सुथोनला त्याचं जन्मलेल्या दिवशीचं डोकं आठवलं. भोवती सगळं गाव. बुआली मावशी अगदी पुढे, डोळ्याला पदर लावून तयार.

कावीनं आईचे पाय धुतले. मग बापाच्या पायांशी वाकला, तांब्यातून फुलांचं पाणी बोटांवर ओतलं. तेवढ्यात पट्टा थरथरला. गुर्र, गुर्र, गुर्र. सुथोननं दचकून पाय मागे खेचला, तो कावीच्या हातातून सुटला आणि झटक्यानं पुढे गेला. पट्ट्याची कड कावीच्या डोक्यावर बसली. तांब्या उलटला.

निजलेल्या तान्ह्या पोराच्या डोक्यावरूनसुद्धा त्या गावात कुणी पाय टाकत नाही. सुथोनचा पाय लागला होता दीक्षेला बसलेल्या मुलाच्या डोक्याला. पट्टा गुरगुरत होता आणि ओलं बँडेज सुटून घोट्याशी लोंबत होतं. काळं प्लास्टिक, त्यात लाल दिवा.

"अगं बाई, हे काय?" बुआली मावशी म्हणाली. "जखम कुठाय?"

लमायनं तोंड उघडलं. कावीनं हात वर करून आईला थांबवलं. कानाच्या वर रक्ताचा थेंब आला होता.

"जखम नाहीये, मावशी. तो तुरुंगाचा पट्टा आहे. बा तैवानला नव्हते, तुरुंगात होते. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही लेप वाटून आणत होता, तेव्हाही. आज माफी मागायचाच दिवस आहे, तर तुम्हीही मला माफ करा."

मग त्यानं तांब्या पुन्हा भरला. राहिलेलं बँडेज सोडलं, आणि पट्ट्याच्या वरून, खालून, बोटांच्या बेचक्यांतून बापाचा पाय नीट धुतला, पुसला. हात जोडून म्हणाला, "लहानपणापासून तुमचं मन दुखावलं असेल, तर माफ करा, बा."

सुथोनला दोनच शब्द म्हणायचे होते. ते तोंडातून फुटेनात. कोण कुणाला माफ करणार? जमीन दुभंगावी आणि आपण पायापासून गडप व्हावं, असं त्याला झालं. शेवटी लमायच पुटपुटली, "माफ केलं, बाळा. दोघांनीही."

संध्याकाळपर्यंत कावी भगव्या चीवरात विहारात गेला. लेप घेऊन मात्र कुणी आलं नाही. सुथोन उघड्या ओसरीवर प्लगशेजारी बसून राहिला. जाणारेयेणारे मान वळवत होते, आणि त्याला ते बरोबरच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता भिक्खूंची रांग भिक्षेला आली. लमायनं भाताची टोपली भरली होती. "तुम्ही आतच थांबा," ती म्हणाली. "सगळे रस्त्यावर उभेत."

सुथोननं टोपली तिच्या हातातून घेतली. भिक्षा घालायची तर अनवाणीच. त्यानं चपला काढल्या, विजार दोन वळ्या वर केली आणि फाटकाबाहेर बुआली मावशीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मावशी अर्धं पाऊल सरकली. तिकडे की इकडे, ते बघायची त्याला हिंमत झाली नाही.

रांगेत शेवटी कावी होता. भिक्खूनं चालताना नजर वर करायची नसते. त्याला पात्र दिसतं आणि लोकांचे पाय दिसतात. कानाच्या वर काळानिळा वळ उठला होता. सुथोननं भाताचा गोळा पात्रात ठेवला. लेकराला आता नावानं हाक मारता येत नव्हती.

"माफ करा, भन्ते," तो म्हणाला.

कावी खाली बघत उभा राहिला, जरा जास्तच वेळ. त्याची नजर कुठं आहे हे सुथोनला ठाऊक होतं. त्यानं पाय मागे घेतला नाही.