आण्णाचा आठवडा

आमच्या आबांनी दोन्ही मुलांना एकाच दिवशी एकसारख्या दोन गाड्या घेऊन दिल्या, ही गोष्ट कोल्हापुरात बरीच वर्षं सांगितली जायची. शाहूपुरीत आमची गुळाची अडत होती. एक्कावन्न साली आबा मुंबईला गेले आणि दोन विलायती एम. जी. गाड्या घेऊन आले. लांब नाकाच्या, ठेंगण्या, दोनच माणसं बसतील अशा. थोरल्या आण्णाला तांबडी, धाकट्या बाळासोला हिरवी. मी मधली. मला काय, असं मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "तुला दोघांच्या शेजारची जागा."

ती जागा मी पुरेपूर वापरली. रंकाळ्याला एकाबरोबर जायचं आणि परत येताना दुसऱ्याच्या गाडीत बसायचं. किल्ली फिरवली की बॉनेटखालून आधी टकटक ऐकू यायची. पेट्रोल वर चढवणारा पंप होता तो, मुठीत मावेल एवढा. पेट्रोल चढलं की टकटक आपोआप थांबायची, आणि मग बाळासो म्हणायचा, "खाऊन झालं बघ तिचं. आता चालंल."

आबा गेले आणि दोन वर्षांत वाटणी झाली. वाटणीत भांडण झालं नाही. आण्णाकडे शाहूपुरीचं घर आणि अडत राहिली, बाळासोनं जमीन घेतली आणि राजारामपुरीत घर बांधलं. गाड्या ज्याच्या त्याच्याकडे होत्याच. आईचं काय करायचं हे तिचं तिनंच ठरवलं. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे, पौर्णिमेला पाळी बदलायची. ती पाळी तिनं एकदाही चुकवली नाही. पौर्णिमेला सकाळी तिचं बोचकं दारात तयार असायचं आणि तासाभरात गाडी तिला पोचवायची.

एका वर्षी मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला आईला ताप होता. ती बाळासोकडे होती. राहा चार दिवस, असं तो तिला म्हणाला होता, पण तिनं ऐकलं नाही. थोरला वाट बघत असेल, त्याला वाटेल धाकट्यानं ठेवून घेतली, असं तिचं म्हणणं. बाळासोनं तिला दोन चादरींत गुंडाळलं आणि हिरव्या गाडीतून शाहूपुरीत नेऊन सोडलं. गाडीच्या टपाचं कापड केव्हाच फाटून गेलं होतं. चार दिवसांनी आई न्युमोनियानं गेली.

आण्णा त्या दिवसापासून बाळासोशी बोलला नाही. मी त्याला सांगून पाहिलं की आईनंच हट्ट धरला होता. तो म्हणाला, "ती म्हणंलच की, चिमे. ह्याला कळाय नको? महिना भरला म्हणून माल पोचवल्यागत आणून टाकली."

त्या दोघांनी एकदा समोरासमोर बसून बोलावं, यापलीकडे मी त्यानंतर देवाकडे काही मागितलं नाही. बाळासोही तेवढंच मागत होता. पण त्यानं माफी मागायची म्हटली तरी समोर बोलावल्याशिवाय जायचं कसं, असा त्याचा पेच होता. थोरल्या भावाच्या दारात न बोलावता जायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि आण्णा बोलावत नव्हता.

बोलणं बंद झालं तरी गाड्यांचं एकमेकींवाचून चालेना. परदेशी माल येणं बंद झालेलं. मुंबईत चोरबाजारातसुद्धा पार्ट मिळेनासे झाले. दोन्ही गाड्यांचा मिस्त्री एकच, उद्यमनगरातला लालासाब. आबांच्या वेळेपासूनचा माणूस. तो हिकडचं तिकडं करून दोन्ही गाड्या चालत्या ठेवायचा. तांबडीचा एक दिवा हिरवीला गेला, हिरवीचं स्टेअरिंग तांबडीला बसलं. कुणाला काय हवंय हे तो नुसतं सांगायचा आणि दुसरा मुकाट्यानं खोलून द्यायचा.

सहासष्ट साली दोन्ही गाड्यांचे पंप गेले. एकातला पडदा चांगला होता, दुसऱ्यातले पॉइंट. लालासाबनं दोन्ही खोलून त्यांचा मिळून एक पंप केला. आता हा कुणाच्या गाडीला लावायचा? त्यानं आण्णाला विचारलं. आण्णा म्हणाला, आठवडा त्याला, आठवडा मला. रविवारी बदलायचा.

तसं सुरू झालं. ज्याचा आठवडा संपला त्यानं शनिवारी संध्याकाळी स्वतः पंप काढायचा, पेट्रोलनं धुवायचा, पॉइंट घासायचे, जोडातून गळू नये म्हणून नवं पॅकिंग कापून घालायचं आणि स्वच्छ फडक्यात बांधून ठेवायचा. रविवारी सकाळी लालासाब पिशवी घेऊन सायकलवरून यायचा, तो घेऊन दुसऱ्याकडे जायचा आणि बसवून द्यायचा. ज्याच्याकडे पंप नाही त्याची गाडी आठवडाभर शेडमध्ये. सबंध गावाला ते माहीत झालं. तांबडी दिसली की लोक म्हणायचे, थोरल्याचा आठवडा चालू हाय.

लालासाब मोठा बोलका. एकदा बाळासोच्या अंगणात चहा पिताना तो मला म्हणाला, "आक्का, ह्यो पंप न्हवं, माहेरवाशीण हाय बघा. आठ दिस हिकडं, आठ दिस तिकडं, आणि बोचकं कायम दारात." मी हसले. बाळासो उठून आत गेला. लालासाबच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला आणि परत कधी ती थट्टा केली नाही.

दोनेक वर्षांनी त्यानंच मला एक गोष्ट सांगितली. देशी गाडीचा पंप थोडी पट्टी ठोकून या गाड्यांना बसतो, तसा एक त्याच्या हाताला लागला होता. तो आधी आण्णाकडे गेला. आण्णा म्हणाला, नको, आणि त्याला सांगू नकोस. मग तो बाळासोकडे गेला. बाळासो म्हणाला, नको, आणि आण्णाला कळू देऊ नको. लालासाब मला म्हणाला, "पंप माझ्याकडंच पडलाय. कुणाला सांगू आणि कुणाला नको, तुम्हीच सांगा."

मी थेट शाहूपुरीत गेले आणि आण्णाला सगळं सांगितलं. त्यानंही नको म्हटलं रे, असं मी म्हणाले. आण्णा झोपाळ्यावर बसला होता. पायानं झोपाळा थांबवला. मला वाटलं, आता म्हणेल घेऊन ये त्याला. तो म्हणाला, "पॅकिंग जाड कापतोय त्यो. नट बसत न्हाई, थेंब गळतोय. पातळ काप म्हणावं."

पाच वर्षांत आण्णानं बाळासोला पाठवलेला पहिला निरोप. मी रिक्षा करून राजारामपुरीत गेले. बाळासोनं तो निरोप माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. "असंच म्हणाला? काप म्हणावं, असं?" मग हसला आणि हसता हसता त्यानं डोळ्यांवर टॉवेल धरला. पुढच्या शनिवारी त्यानं पॅकिंगचे चार तुकडे फुकट घालवले आणि पाचवा इतका पातळ कापला की त्यातून उजेड दिसत होता.

त्यानंतर वर्षातून एखाददुसरा तसा निरोप यायचा. पॉइंट जास्त घासू नको. फडकं सुती घाल, टेरिलिनचं नको. बाळासोनं आपणहून काही कळवलं नाही. त्याला भीती वाटायची, आपण काही बोललो तर हेही बंद होईल.

चौऱ्याहत्तर साली माझ्या इंदूचं लग्न ठरलं. थोरला मामा म्हणून आण्णा मुलीमागं उभा राहणार होता. त्याला तेव्हा चालताना दम लागायचा. लग्नाचा आठवडा बाळासोचा होता. हळदीच्या आदल्या दिवशी मी आण्णाकडे बसले होते तेव्हा लालासाब आला, मधल्या वारी, पिशवी घेऊन. बाळासोनं पंप काढून पाठवला होता. थोरल्या मामानं गाडीतून यावं, म्हणून.

तो असा पाठवण्यामागं काय होतं हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आण्णाच्या बायको, बाळाबाई वहिनीसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. आण्णानं फडकं सोडलं, पंप हातात घेऊन बघितला, पुन्हा तसाच बांधला.

"पाळी मोडायची हुती तर तवा मोडायची," तो म्हणाला. "आई तापानं फणफणत हुती तवा. आता पंपाची मोडून काय करू?"

लालासाबनं पिशवी उचलली. बाळासोला हे सांगू नका, असं मी त्याला म्हणाले. त्यानं सांगितलं नाही, पण पंप परत आलेला बघून सांगायचं काय उरलं होतं? बाळासोनं तो गाडीला लावलाच नाही. लग्नाला आण्णा टांग्यातून आला, बाळासो चालत. दोन्ही मामा मुलीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोघं समोरच्या अंतरपाटाकडे बघत होते.

मला वाटलं, आता पंपही थांबणार. पण रविवारी बाळासोनं नवं पॅकिंग कापून तो पाठवला आणि आण्णानं ठेवून घेतला.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आण्णाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलायचा, पण जीभ जड झाली. तांबडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. वहिनींनी लालासाबला सांगितलं की आता पंप इथं आणायची गरज नाही. आण्णानं ते ऐकलं आणि उजव्या हातानं खाटेवर बुक्की मारली. मग पंप पाळीनं येत राहिला. त्याच्या आठवड्यात तो खाटेजवळच्या स्टुलावर असायचा, पाण्याच्या तांब्याशेजारी. एका हातानं पुसायला त्याला सबंध सकाळ लागायची.

एका रविवारी पंप बाळासोकडे जुन्याच पॅकिंगसकट परत आला. एका हातानं कात्री चालत नाही. बाळासोनं नट सोडवला, आत आपणच कापलेलं पॅकिंग बघितलं आणि तिथंच गाडीच्या फूटबोर्डावर बसला. मी समोर होते. आक्का, तू विचार की त्याला, एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात, पंप स्टुलावर असताना, मी आण्णाला विचारलं. बाळासोला आणू का? त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी उठणार, तेवढ्यात तो बोलला. शब्द जड होते, पण मी एकही चुकले नाही.

"येऊ दे की. रविवारी. पंप न्याचा हाय न्हवं त्येला. त्येनंच यावं."

तो गुरुवार होता. मी धावतच गेले. बाळासोचा चेहरा असा झाला की मला तो आबांनी गाडी आणली त्या दिवशीचा मुलगा आठवला. मी म्हणाले, चल आत्ताच, कपडे बदल. तो चपला घालायला वाकला आणि तसाच थांबला.

"रविवारी म्हणालाय न्हवं?"

"अरे, रविवार काय नि गुरुवार काय."

"न्हाई आक्का. पाळी मोडून गेलो तर पुन्हा म्हणंल. त्यानं सांगितलंय तसंच जातो ह्या वेळी."

मी हट्ट केला, चिडले, पण तो हलला नाही. दोन दिवस त्याचं घर सण असल्यासारखं होतं. त्यानं दाढी केली, पांढरा शर्ट परटाकडे देऊन आणला, पॅकिंगच्या नव्या शीटमधून पातळ तुकडे कापून ठेवले. आण्णाला दाखवून तिथंच बसवतो, त्यो सांगंल तसं, असं म्हणत होता.

शनिवारी दुपारी आण्णा गेला. झोपेतच.

बाळासो आला, खांदा दिला, सगळं केलं. रडला नाही. संध्याकाळी माणसं पांगल्यावर हंबीर, आण्णाचा थोरला मुलगा, स्टुलावरचा पंप फडक्यात बांधून घेऊन आला. "काका, घिऊन जावा. आता आमच्याकडं काय करायचाय."

बाळासोनं हात मागं घेतले.

"आज शनिवार हाय," तो म्हणाला. "आण्णाचा आठवडा हाय अजून."

हंबीरनं पंप परत स्टुलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो पांढरा शर्ट घालून चालत आला. रिकाम्या खाटेशेजारी बसला, खिशातून पॅकिंग काढलं, बसवलं, नट आवळला. मग पंप घेऊन गेला.

वर्षभरात मुलांनी तांबडी पुण्याच्या एका शौकीन माणसाला विकली. त्यानंतरच्या रविवारी लालासाब माझ्या दारात आला. पिशवीत पंप होता. मी विचारलं, हा इथं कशाला? म्हणाला, धाकट्या मालकांनी पाठवलाय, आण्णाचा आठवडा तुमच्याकडं ठेवाय सांगितलंय. पुढच्या रविवारी तो येऊन घेऊन गेला. असं आठ वर्षं चाललं. एक आठवडा हिरवी रस्त्यावर दिसायची आणि एक आठवडा बाळासो चालत बाजारात जायचा. लोक विचारायचे, गाडी बिघडली काय पावणं? तो मान हलवायचा.

बाळासो गेला तेव्हाही पंप माझ्याकडेच होता. हिरवी गाडी ज्यानं घेतली त्यानं देशी पंप बसवून ती चालू केली म्हणे. हा कुणी मागायला आलं नाही. दर रविवारी मी तो रॉकेलच्या फडक्यानं पुसते आणि फळीवर ठेवते. मला त्यातलं काही कळत नाही. एकदा फक्त जावयाकडून नट उघडून घेतला होता, आत बघायला. पॅकिंग पातळ होतं, आण्णाला हवं तसं.