पुन्हा चार दिवस

"हाडं विरळ झालीत, कौशल्याबाई," एक्स-रे खिडकीपुढे धरून धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हंडा उचलताना पाठीत कळ आली ती म्हणूनच. मणका चेपलाय. पाळी गेल्यावर बायकांचं असं होतं."

शेजारी सासू जिजाबाई बसली होती, पंच्याहत्तरीतही टणटणीत.

उपाय दोन होते. दूध, कॅल्शियम आणि रोजचं चालणं हा एक, सावकाशीचा. दुसरा हार्मोनच्या गोळ्यांचा. त्यानं झीज थांबते, पण छातीची, गर्भाशयाची तपासणी वेळोवेळी करावी लागते. "आणि पाळी परत सुरू होते. हे ऐकलं की बायका उठूनच जातात," बाई हसल्या.

"दूधच देऊ तिले," जिजाबाई परस्पर बोलून मोकळी झाली.

दूध! पाळीत बाहेर बसलेल्या बाईनं दूध प्यायलं की म्हैस आटते, हा हिचाच कायदा. लग्न झाल्यापासून दर महिन्याचे चार दिवस कौशल्यानं मागच्या पडवीत काढले होते. तापानं फणफणली तरी कपभर दूध मिळालं नव्हतं. पोरी तिच्याकडे झेपावायच्या, तर म्हातारी त्यांना दंडाला धरून ओढून न्यायची. तेव्हा रांधायला नणंदा होत्या. आता नणंदा आपापल्या घरी, पोरीही सासरी. घरात दुसरी बाई उरली होती ती फक्त जिजाबाई.

"मले गोळ्याच द्या," कौशल्या म्हणाली.

"या वयात हे काय वं मांडून राहिली?"

"हाडं माह्ये आहेत, आत्याबाई."

गोळ्यांनी महिन्याभरात आपलं काम केलं. कौशल्या गोधडी काखेत मारून पडवीत जाऊन बसली.

पहिल्या दिवशी जिजाबाईची भाजी करपली. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटून उठताना ती कंबर धरून कण्हली. कौशल्याचा नवरा मधुकरराव कोराडीच्या पॉवर हाऊसमधून भुकेजून यायचा आणि आईच्या जाडजूड पोळ्या गुमान गिळायचा. कौशल्याला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हातारीनं आपल्या तोंडानं आपला कायदा मोडावा, एवढंच तिला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी जिजाबाई पिठाच्या हातांनी दारात आली.

"चाल वं आत. पोळ्या लाट."

"अन् विटाळ?"

"कायचा विटाळ! जुन्या लोकायचं आहे ते. काही होत नाही."

हे ऐकलं की जिवाला थंडावा मिळेल, असं कौशल्याला वाटलं होतं. कुठला थंडावा! तिचं डोकं भणाणलं. काही होत नव्हतं? नुसतं म्हटलं की सुटत होतं?

"मंग माह्या पोरी काहून रडवल्या?"

जिजाबाई हाताचं पीठ खरवडत राहिली.

कौशल्यानं गोधडी झटकून पुन्हा अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"चार दिवस पुरे होऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "अन् पुढच्या महिन्याचं दळण आधीच आणून ठेवा."