धुरा, आवृत्ती ०.४

बैल भिंतीतून आरपार जातो.

बीबी गावच्या अंगणवाडीत धान्याच्या कपाटाला एकच किल्ली आहे.

नियम ७ : दुसऱ्याच्या शेतात कापणी करणारा चोर. तीनदा केली की नाव चावडीच्या फलकावर.

मु. पो. लिहायला जागा कमी पडते, रकाना मोठा करा.

देऊळगाव राजात महादेवरावांच्या बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत रिकामे खोके असतात.

दारात पोती साचतात. कुणाची ते कळत नाही.

*

वरच्यापैकी तीन ओळी तक्रारी आहेत. त्या दुकानावरच्या दुसऱ्या खोलीत आल्या. तिथे महादेवरावांची मुलगी अनुपमा आणि तिचा मावसभाऊ प्रज्वल बसतात.

दोघांनी केलेला खेळ मोबाइलवर चाळीस जणांनी एकाच वेळी खेळायचा आहे. एक गाव, चाळीस शेतं. पेरायचं, निंदायचं, कापायचं. पिकलेलं दोन दिवसांत कापलं नाही तर सडतं. शेजाऱ्याच्या शेतात शिरता येतं. वऱ्हाडात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात आणि भांडण तिथूनच सुरू होतं, म्हणून खेळाचं नाव धुरा.

खेळ अर्धाही झाला नव्हता तेव्हाच तो लोकांच्या हातात दिला. पूर्ण करून दाखवला तर लोक छान म्हणतात आणि निघून जातात, कच्चा दाखवला तर बोलतात, असं अनुपमाचं म्हणणं होतं. पुण्याच्या एका कंपनीचंही तेच म्हणणं होतं. सलग तीस दिवसांचा खेळ बघून, किती लोक टिकले आणि किती भांडले हे पाहून, कंपनी धुरा हातात घ्यायचा की नाही ते ठरवणार होती. शुक्रवारी.

*

दिवस ९. चोऱ्या ५२. चोरीच्या तक्रारी ०.

"चोरी होऊन राह्यली अन् कोणी बोंबलत नाही?" प्रज्वल म्हणाला. "तक्रारीचं बटण बिघडलं."

बटण तपासलं. चालत होतं.

दिवस १४. चोऱ्या २१०. तक्रारी ०. अनुपमानं कंपनीला कळवलं की खेळाडू आक्रमक आहेत. कंपनीचं उत्तर एका शब्दाचं होतं. उत्तम.

दिवस १९. नांदुऱ्याच्या ऋत्विकनं लिहिलं की काहींच्या दारात पोती साचतात. प्रज्वलनं त्याला दोष क्रमांक ६१ दिला आणि पुढे 'नंतर' असं लिहिलं.

दिवस २५. चावडीच्या फलकावर सर्वांत वरचं नाव, चोऱ्या ४१ :

जयमाला ज्ञानेश्वर बनकर, मु. पो. बीबी, ता. लोणार.

*

नावाच्या रकान्यात लोक वाघ, किंग, बादशहा असं काहीतरी लिहितील असा दोघांचा अंदाज होता. चाळीसपैकी चौतीस जणांनी पूर्ण नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव लिहिलं. त्यातल्या दोघांनी पिनकोडही दिला. रकान्यावर 'नाव' असं लिहिलेलं होतं आणि अर्जावर नाव असंच लिहितात.

फलक अनुपमानं काढला होता. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात थोडा गंज. हुबेहूब ग्रामपंचायतीचा वाटतो, असा अभिप्राय अकरा जणांनी दिला होता. तिनं त्या अकरा ओळी जपून ठेवल्या होत्या.

पंचविसाव्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर त्या फलकाचा फोटो घेतला, खेळ कापून फक्त फलक ठेवला आणि बीबीच्या व्हॉट्सॲपवरच्या गावगटात टाकला.

*

दिवस २७, मंगळवार, सकाळी साडेअकरा. दुकानात एक म्हातारा आणि त्याच्यामागे पस्तिशीची एक बाई.

"कोणतं बियाणं पाह्यजे?" महादेवरावांनी विचारलं.

"बियाणं नाही. तुमची पोरगी कुठं हाये?"

म्हाताऱ्याचं नाव शेषराव. बाई त्यांची सून, जयमाला. बीबीहून दोन गाड्या बदलून आली होती. वरच्या खोलीत तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"ताई, म्या काय चोरलं तेवढं दाखवा."

अनुपमानं नोंदी उघडल्या. "बारा तारखेला, छाया मुळे यांच्या शेतातलं सोयाबीन. सात वेळा."

"छायाची नर्सिंगची परीक्षा होती. दोन दिवस मोबाइल बंद. तुमच्यात दोन दिवसांत सोयाबीन सडते."

"म्हणून तुम्ही कापलं."

"कापलं अन् तिच्या दारात नेऊन टाकलं. सात पोते, साती दारात. मंग माह्या मायले दवाखान्यात नेलं तवा माही मिरची तिनं तोडली. सावड हाये ती. तुमच्या गावात नसते काय?"

प्रज्वलनं दोष क्रमांक ६१ उघडला. मग बंद केला.

दुसऱ्याच्या शेतात विळा चालला की खेळ त्याची नोंद घेत होता. पोतं कुठे उतरवलं याची नोंद ठेवायची, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बीबीच्या नऊ बाया महिनाभर एकमेकींची शेतं सांभाळत होत्या आणि खेळाच्या लेखी तो जिल्ह्यातला सर्वांत चोर गट होता.

"फोटो कोणी टाकला?" अनुपमानं विचारलं.

"टाकला कोणीतरी. हसासाठी टाकला म्हणे. मी अंगणवाडीत मदतनीस हाये. काल आमच्या सुपरवायझर बाईचा फोन आला. कपाट मोजून घेतो म्हणे, उद्या. सहा वर्षं किल्ली माह्यापाशी हाये, ताई. आजपर्यंत कोणी मोजलं नाही."

"मोजू द्या ना मग," प्रज्वल म्हणाला. "भरलेलंच निघन."

"भरलेलं निघन हो. पण मोजलं, हे तं राहीनच."

शेषरावांनी कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला. "ते काही नाही. तुम्ही लिहून द्या. चोरी झाली नाही, असं. शिक्का मारून."

"आमचा शिक्का नाही, बाबा. मोबाइलचा खेळ आहे तो."

"खाली दुकानात हाये. म्या पाह्यला."

पत्र लिहिलं. सौ. जयमाला बनकर यांनी कोणत्याही प्रकारची चोरी केलेली नसून सदर चोरी ही खेळातील आहे. महादेवरावांनी वर येऊन वाचलं. 'खेळातील' शब्दापाशी थांबले. "हे वाचून तं वाटते की चोरी केली, पण गमतीनं केली." तो शब्द खोडला. मग नुसतं 'सदर चोरी ही आहे' असं उरलं, म्हणून 'नसून'चं 'नाही' केलं आणि पुढचं सगळं खोडलं. शिक्का मारला. शिक्क्यावर बियाणे, खते व कीटकनाशके असं होतं.

शेषरावांनी शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला. जयमालानं तो घेतला नाही.

"हे कोण वाचन, मामाजी? पाटी साऱ्या गावानं पाह्यली. पाटीच कोरी झाली पाह्यजे."

*

फलकावरचं एकच नाव पुसता येत नव्हतं. तशी सोय मुद्दाम ठेवली नव्हती. देऊळगाव राजात, सिंदखेडात, लोणारात कुणी ना कुणी कुणाचा तरी पाहुणा लागतो. नाव फलकावर गेलं की तो महादेवरावांना फोन करणार, महादेवराव जिन्यावरून हाक मारणार आणि नाव निघणार. म्हणून प्रज्वलनं फलक आणि शेतं एकात एक अशी गुंतवली की बनवणाऱ्यालाही हात घालता येऊ नये. सोडवायला पंधरा दिवस लागले असते.

सगळं गाव पुसणं मात्र एका ओळीचं काम होतं.

"तीन दिवस," प्रज्वल म्हणाला. "फक्त तीन. शुक्रवार झाला का पुसू. आजच पुसलं तं सत्तावीस दिवस पाण्यात. कंपनीले काय दाखवशीन?"

"कपाट उद्या मोजणार आहेत."

"अनुपमा, तू नोकरी सोडून आली इथं. काऊन आली?"

ती जयमालाकडे वळली.

"ताई, पुसलं तर फलक कोरा होईल. पण सगळ्यांची शेतं जातील. तुमच्या नऊ जणींचीही."

"माही हळद?"

"हो."

जयमालानं बोटांवर काहीतरी मोजलं. "नऊ दिवस राह्यले होते तिले निघाले."

शेषराव म्हणाले, "कोणती हळद? आपल्याकडं कुठं हाये हळद?"

"हाये, मामाजी. मोबाइलवर."

"पिकली होती काय?"

"चांगली होती."

म्हाताऱ्यानं पत्राची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. खाली दुकानात कुणीतरी तूर मागत होतं.

"पुसा," जयमाला म्हणाली.

प्रज्वल उठून खोक्यांच्या खोलीत गेला. बारा वाजून चाळीस मिनिटांनी अनुपमानं ती ओळ लिहिली. चार सेकंद लागले.

*

चाळीस जणांना गेलेली सूचना : आमच्या चुकीमुळे गाव पुन्हा पहिल्यापासून सुरू करत आहोत. फलकावरील कोणतीही चोरी चोरी नव्हती.

आलेले अभिप्राय :

आम्हाला विचारलं काऊन नाही?

माझा ऊस गेला. बैल मात्र अजूनही भिंतीतून जातो. – ऋत्विक, नांदुरा

चोरी नव्हती तर काय होतं?

बरं झालं. माह्या शेतात नुसतं गवत होतं.

तुमचा खेळ आहे की पोरखेळ आहे?

*

जयमालानं गाडीतच मोबाइल उघडला. निळा पत्रा, कोपऱ्यात गंज, एकही अक्षर नाही. तिनं त्याचा फोटो घेतला आणि स्वतःच गावगटात टाकला. सोबत काही लिहिलं नाही. त्याखाली एकानं अंगठा दिला. मग कुणीतरी शुभ सकाळचं गुलाबाचं फूल टाकलं, दुपारी दीड वाजता.

बुधवारी सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी नवा फोटो पाहिला होता. पत्रही पाहिलं, शेषराव ते घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर सकाळपासून बसले होते. "आमचा काही संशय नाही हो, बाबा," त्या म्हणाल्या. "पण वर कळवून बसले."

मोजलं. सगळं बरोबर निघालं. किल्ली जयमालाकडेच राहिली.

शुक्रवारी कंपनीशी बोलणं सात मिनिटं चाललं. तीन दिवसांच्या खेळावर काही सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. समोरच्यानं विचारलं, इतका वेळ हे लोक एकमेकांवर का चिडले नाहीत? अनुपमानं सांगायला सुरुवात केली. त्याची पुढची मीटिंग होती.

आवृत्ती ०.५ मध्ये पोतं कुठे उतरतं याची नोंद ठेवली. फलक काढून टाकला. त्यावर सहा जणांनी नाराजी कळवली. रकान्यावर 'नाव'ऐवजी 'टोपणनाव' असं लिहिलं. चाळीसपैकी एकोणतीस जण परत आले. त्यात बीबीच्या नऊपैकी आठ होत्या. जयमालानं टोपणनावाच्या रकान्यात लिहिलं : जयमाला ज्ञानेश्वर बनकर, मु. पो. बीबी, ता. लोणार.

प्रज्वल जालन्याला एका दुकानदाराचं बिलाचं ॲप बनवायला लागला. रविवारी येतो. अनुपमाशी बोलतो.

*

एप्रिलमध्ये पेन्सिलीनं काढलेल्या पहिल्या आराखड्यात पडद्याच्या खालच्या बाजूला पाच बटणं होती. पाचव्यावर 'हातभार' असं लिहिलेलं होतं. लहान मोबाइलवर अंगठ्याला जागा पुरत नव्हती, म्हणून ते काढलं.