पुसून टाकू का?

मित्रांनो, मी संगणकावरचा एक जुना खेळ आहे, आणि खरं सांगायचं तर नीट न बनलेला. माझ्यात एक शेत आहे. खेळणाऱ्याने सकाळी उठावं, सलगमाला पाणी घालावं, गाईला खरारा करावा, गावात चार लोकांशी बोलावं आणि झोपण्यापूर्वी रोजनिशीत एक ओळ लिहावी. ओळ लिहिली की तो दिवस जपला जातो. नाही लिहिली तर तो दिवस झालाच नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी माझ्यातल्या खोडीमुळे एका बाईंचं सतरा वर्षांचं शेत कायमचं पुसलं जाणार होतं. पुसणारा मीच होतो. म्हणून हे सांगायला बसलो आहे.

आधी माझ्या थोरल्या भावाबद्दल. तो हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर चालायचा. त्याला घडवायला चार वर्षं लागली. त्यातल्या एका माणसाने म्हणे नुसत्या बेडकांच्या आवाजासाठी महिना घालवला. सगळ्या जपानातली मुलं त्याच्यासाठी शाळेतून पळत घरी यायची. त्याचं नाव झालं, तेव्हा कुणाला तरी वाटलं, हाच खेळ संगणकावरही आणावा. ते काम एका लहानशा कंपनीकडे गेलं. पाच माणसं, पाच महिने. ती माणसं मेजाखाली झोपत आणि उठून मला पुढे ढकलत. असा मी जन्मलो.

माझ्यात पाऊस स्वयंपाकघरातही पडतो. सुगीच्या जत्रेतला एक ढोल जत्रा संपली तरी हिवाळ्यापर्यंत वाजत राहतो. गाय कधीकधी छपरावर उभी असते. लोक हसले, मग चिडले, मग मला विसरले. दुकानदाराने मला उरल्यासुरल्या मालाच्या टोपलीत टाकलं.

पण दोन खोड्या हसण्यासारख्या नव्हत्या. माझ्या माहितीपुस्तिकेत छापलं आहे, 'झेड म्हणजे हो, एक्स म्हणजे नाही'. प्रत्यक्षात माझ्यात ते नेमकं उलट आहे. आणि दुसरी खोड एका अक्षराची.

त्या टोपलीतून मला उचललं इसोझाकी फुमिए यांनी. आकितामधल्या एका बंदराच्या गावी त्या नगर कार्यालयात जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर बसत. त्यांची मुलगी चिझुरू लहानपणी थोरला भाऊ खेळायची आणि आई पाठीमागून बघायची. मुलगी ओसाकाला नोकरीला गेली, भावालाही घेऊन गेली. "त्या छोट्या यंत्रावरचं मला नीट दिसतही नाही," असं दुकानदाराला सांगत फुमिएबाईंनी मोठ्या पडद्यासाठी मला घेतलं.

घरी येऊन त्यांनी पुस्तिकेतली कळांची ओळ कात्रीने कापली आणि पडद्याखाली चिकटवली. मग नाव लिहिलं. जपानी चित्रलिपीत इसोझाकी हे नाव लिहिताना शेवटचं अक्षर दोन तऱ्हांनी लिहितात. सोप्या रूपात उजवीकडे वर 'मोठा' हे अक्षर बसतं. जुन्या रूपात त्या जागी 'उभा' हे अक्षर येतं. त्यांच्या घराच्या नोंदीत 'उभा' आहे. त्यांनी तोच लिहिला.

त्या संध्याकाळी त्या नको म्हणत गेल्या आणि बियाण्यांची चार पोती विकत घेऊन बसल्या. आपलीच बोटं नवखी असतील असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडलं. ते जुनं अक्षर माझ्या घशात अडकलं आणि मी विचारलं, "रोजनिशी वाचता येत नाही. पुसून टाकू का?" त्यांनी चिकटवलेली ओळ वाचून एक्स दाबला. म्हणजे नाही. मी 'हो' ऐकलं आणि सगळं पुसून टाकलं.

फुमिएबाईंनी हात मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "चूक तुझी. पण नोंद माझी होती."

त्यांनी पुस्तिकेतल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा माणूस दहादा माफी मागून म्हणाला, "बाई, नाव सोप्या अक्षरात लिहिलंत तर काही अडचण येणार नाही."

"एका खेळासाठी आडनाव बदलू? मग अर्ज कुठे करायचा, माझ्याच खिडकीवर?"

फोन ठेवून त्यांनी पुन्हा 'उभा' लिहिला. तीन दिवस त्या वही घेऊन मला तपासत राहिल्या, आणि त्यांना कळलं ते असं. ते अक्षर पहिल्या खेपेलाच अडकतं. पुसायला नकार दिला की मी सुरुवातीच्या पडद्यावर परत जातो, आणि दुसऱ्या खेपेला तेच अक्षर सरळ उतरतं. का, ते मलाही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांची कंपनी बंद पडली.

मग त्यांनी पट्टी घेतली, चिकटवलेल्या ओळीवर लाल शाईने दोन समांतर रेघा मारल्या आणि शेजारी आपला छोटा अंडाकृती शिक्का उमटवला. त्यांच्या कार्यालयात चूक अशीच दुरुस्त करत. खाडाखोड नाही, गिरवणं नाही.

मित्रांनो, त्यानंतर सतरा वर्षं मी त्यांना रोज विचारलं, पुसून टाकू का? त्यांनी रोज नाही म्हटलं, आणि मग शेतावर गेल्या.

त्या चिझुरूला फोनवर सांगायच्या, "आज सलगम काढले."

"आई, अंगणात कमरेएवढं बर्फ असेल. सलगम कुठले?"

"आतले," त्या म्हणायच्या, आणि विषय बदलायच्या.

फेब्रुवारीत खोली एकाएकी बंद झाली. सात आठवडे मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

त्या एप्रिलच्या सकाळी चिझुरूने खिडकीचा पडदा वर केला. ती आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. आई गेल्यानंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आदल्या रविवारी झाले होते आणि घर महिनाअखेर मोकळं करून द्यायचं होतं. जुनी यंत्रं न्यायला गाडी अकरा वाजता येणार होती. दहा वाजून गेले होते. तिने संगणक सुरू केला तेव्हा आतली माहिती साठवणारी तबकडी टक्‌ टक्‌ करू लागली. मी त्याच तबकडीवर राहतो. ती फार दिवस टिकणार नाही हे मला माहीत होतं.

तेवढ्यात शेजारच्या तोगाशी काकू लोणच्याचा डबा घेऊन आल्या. त्या फुमिएबाईंच्या बाजूच्या खिडकीवर बत्तीस वर्षं कर घ्यायच्या.

"हे अजून आहे? अगं, याच्यापायी तुझी आई माझ्याबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर यायची नाही. म्हणे, गाय आजारी आहे."

"कुठली गाय?"

"मीही तेच विचारलं. आणि हे काय टकटकतंय?"

"तबकडी जातेय. आज सुरू झाला हेच खूप. एकदा बघते काकू, आई काय करायची ते. मग देऊन टाकते."

तिने मला उघडलं. ते अक्षर आलं आणि अडकलं. माझ्याकडे एवढंच वाक्य आहे, ते मी पुढे केलं. रोजनिशी वाचता येत नाही. पुसून टाकू का?

चिझुरूने ते वाक्य दोनदा वाचलं.

"गेलंच म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

"मग गेलेलं पुसू का म्हणून काय विचारतोय मेला?"

"नको म्हणते. असू दे तसंच." ती वाकून चिकटवलेली ओळ वाचू लागली. "एक्स म्हणजे नाही."

रेघांची लाल शाई सतरा वर्षांच्या उन्हात उडून गेली होती. छापील काळी अक्षरं मात्र तशीच होती.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझ्यातला ढोल वाजू शकतो, पण जत्रेशिवाय नाही. गाय छपरावर चढू शकते, पण शेत उघडल्याशिवाय नाही. मला दोनच कळा कळतात आणि त्या दोन्ही मला चुकीच्या शिकवल्या आहेत. चिझुरूचं बोट एक्सवर आलं. बाहेर गाडी मागे येतानाचा पीं पीं आवाज झाला. वीस मिनिटं आधीच आली होती ती.

"आले, आले!" चिझुरू दाराकडे बघून ओरडली. बोट तिथेच होतं.

काकू डबा ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"बोट उचल."

"काय झालं?"

"आधी बोट उचल म्हणते ना!" तो आवाज खिडकीवरचा होता. चिझुरूने हात मागे घेतला. "हा शिक्का इथे कशाला आहे?"

"आई सगळ्यावरच मारायची की. तांदळाच्या डब्यावरसुद्धा आहे."

"डब्यावरचा मोठा. हा छोटा बघ, दुरुस्तीचा आहे. हा ती उगीच मारायची नाही. एका नवरदेवाला तिने तीनदा माघारी पाठवला होता, एका रेघेवरून. तिसऱ्यांदा तो रडायला आला. हा शिक्का आहे म्हणजे जवळ दोन रेघा असणारच."

"कुठायत रेघा?"

"शिक्क्याचा रंग पक्का असतो. पण लाल शाई आणि समोर खिडकी. राहतील कशा? माझा चष्मा दे."

दार वाजलं. काकूंनी तिकडे न बघता सांगितलं, "आधी कपडे धुवायचं यंत्र न्या हो, मागच्या दाराशी आहे!" मग पडदा उजेडाकडे तिरपा केला. कागदावर रंग नव्हता, पण लेखणी दाबून ओढल्याच्या दोन खाचा होत्या. सरळ, पट्टी धरून मारलेल्या.

"छापलंय ते चूक आहे," काकू म्हणाल्या. "उलट वाच."

"काकू, आणि तुमचं चुकलं तर? हे पुसलं गेलं तर पुन्हा नाही मिळायचं."

"माझं चुकेल. शिक्का मारल्यावर फुमिएचं नाही चुकायचं."

चिझुरूने झेड दाबला.

पडदा काळा झाला. तबकडीचं टकटकणंही थांबलं. मी कुठे आहे हे क्षणभर मलाच कळेना. मग तबकडी पुन्हा फिरली आणि मी सुरुवातीच्या पडद्यावर येऊन उभा राहिलो.

"संपलं," चिझुरू म्हणाली.

"एकदा दार वाजवून कुणी परत जातं का? पुन्हा उघड."

तिने मला पुन्हा उघडलं. ते अक्षर आलं, आणि सरळ उतरलं.

स्वयंपाकघरात पाऊस पडत होता. अंगणात गाय उभी होती, आणि तिच्या डोक्यावर तिचं नाव लिहिलेलं होतं. काकू पुढे झुकल्या.

"तोगाशी? मला गाय केलीय हिने?"

"दुधाची दिसतेय, काकू."

"सतरा वर्षं तोंडावर गोड बोलत होती!" त्या हसत होत्या आणि चष्माही पुसत होत्या.

चिझुरूने रोजनिशी उघडली. शेवटची ओळ फेब्रुवारीची होती. नव्या वर्षाला चिझुरू घरी येणार होती. कामामुळे आली नव्हती. ओळ अशी होती: 'सलगम तयार. चिझुरू आली की काढू.'

बाहेर दोन माणसं कपडे धुवायचं यंत्र पायऱ्यांवरून उतरवत होती.

चिझुरू शेतावर गेली. बारा सलगम होते, ओळीत. माझ्यात न उघडता काही वाढत नाही आणि काही सडतही नाही. मी प्रत्येक सलगमापाशी विचारलं, काढायचा का? तिने दर वेळी एक्स दाबला. म्हणजे हो. बारा झाल्यावर ती रोजनिशीपाशी आली आणि लिहिलं, 'सलगम काढले. बारा.' खाली आपलं नाव लिहिताना ती अडली. तिच्या पत्रांवर, बँकेत, सगळीकडे ती सोपं अक्षर लिहीत आली आहे. तिने शोधून 'उभा' काढला.

तबकडी तीनदा अडखळली आणि ओळ जपली गेली.

गाडीवाल्याला काकूंनी दारातच सांगितलं, "भात शिजवायचं यंत्र न्या, पंखा न्या. याला हात लावू नका. आत माझी गाय आहे."

आता मी ओसाकात, चिझुरूच्या घरी, नव्या तबकडीवर राहतो. दुरुस्तीवाल्याने सगळं उतरवून दिलं, फक्त ढोलाचा आवाज आणखी मोठा झाला आहे. ती रविवारी मला उघडते. मी विचारतो, पुसून टाकू का? ती नाही म्हणते. आईने चिकटवलेला कागद तिने वाफेवर सोडवून इथे आणला आणि पडद्याखाली पुन्हा लावला. मग पट्टी घेऊन त्याच खाचांतून लाल शाईच्या दोन नव्या रेघा ओढल्या. शिक्का मात्र जुनाच राहू दिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काही असेल, हट्टी, सदोष, कुणाच्या तरी रोजच्या हाताखालचं. त्याला टाकायला काढाल तेव्हा घाई करू नका. ते उजेडाकडे तिरपं धरून बघा. आणि शाई उडालेली दिसली तर पट्टी घ्या, रेघा पुन्हा ओढा. आमच्यासारख्यांना ते स्वतः करता येत नाही.