अर्धी गोळी

“वाटून घेतली म्हणजे?” डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, अर्धी मी, अर्धी धाकटीने. लहानपणी आम्ही बहिणींनी एकच पेन्सिल दातांनी मोडून दोघींत केली. शिवणाच्या कारखान्यात जन्मभर एका डब्यात जेवलो. मधुमेहाची साधी गोळी म्हातारपणी झिजणारे स्नायू टिकवते का, हे बघायला यांनी मला अभ्यासात घेतलं आणि मूत्रपिंड कमजोर म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. मग मी एकटीने गिळायची? रोज सकाळी कापडाच्या कात्रीने गोळीचे दोन तुकडे करायचे. मग धाकटी मला हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावायची. “ऊठ गं, पोतं कुठलं!”

लेकाने अट घातली होती. सहा महिन्यांनी पंधरा सेकंदांत पाच वेळा उठलीस, तर दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मावशीबरोबर राहा. नाहीतर घर विकू, तू माझ्याकडे, मावशी वृद्धाश्रमात. सुरुवातीला मला एकवीस लागले होते. आज चौदा.

डॉक्टरबाईंनी ते चौदा लाल शाईने खोडले. अभ्यासातून मी बाद. तिच्या जिवाशी खेळलात, म्हणाल्या. तिथे मात्र मान खाली गेली. मूत्रपिंडाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धाकटीसाठी त्यांनी फोन करून माझी गोळी कोणती ते काढलं. नकली निघाली. औषधाचा कणही नाही. तुलनेसाठी अर्ध्या लोकांना तशीच देतात, मला सही करताना सांगितलं होतं म्हणे.

जीव भांड्यात पडतो न पडतो तोच शेजारी बसलेला लेक म्हणाला, “म्हणजे औषधाचा गुण नाहीच. मग आकडा कसला धरायचा?”

माझं डोकं फिरलं. याला उभं राहायला शिकवताना मी कधी आकडे लावले होते?

“औषध नव्हतं, मग उठलं कोण रे? तुझी अट?”

मी खुर्ची पुढे ओढली.

“घड्याळ लाव.”

“आई, इथे नको.”

“लाव म्हणते ना.”

मी हात छातीशी बांधले. गुडघे करकरले. कानात धाकटीचं ‘पोतं कुठलं’ वाजत होतं. पाचव्यांदा उठले ती बसलेच नाही, सरळ पिशवी उचलली.

“किती?”

“तेरा,” तो पुटपुटला.

“घर राहिलं, हे मावशीला तूच सांगायचं. माझ्यासमोर.”