मोठा डबा

"तो मोठा डबा खाली ठेव," व्हीलचेअरवरून मेल्चोर म्हणाला. "छोटा घे."

"छोटा ग्रॅमला दोन पेसो वीस पडतो," पुरिंग म्हणाली. "मोठा एक ऐंशीला. डोकं फिरलंय का तुझं?"

लुसेनाच्या त्या सुपरमार्केटात पुरिंगला सगळे ओळखत. शांपूची बाटली घेणाऱ्यांकडे ती दयेनं बघायची. पुड्या मिलिलिटरमागे स्वस्त पडतात, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नसायचं. एकदा तिनं टॉयलेट पेपरचा रोल मॅनेजरसमोर उलगडून मोजला होता. रोल भाज्यांपासून मासळीपर्यंत पोचला आणि अकरा कागद कमी भरले. मॅनेजरनं माफी मागून प्लास्टिकची बादली दिली. घरी जाऊन तिनं बादलीही मोजली. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की तिला बरं वाटे. दानपेटीत टाकलेलं मिनिटामागे स्वस्त पडे.

मेल्चोरनं जन्मभर जीपनी चालवत प्रवाशांच्या सुट्ट्या पैशांचे हिशेब केले, पण भागाकारात बायकोला कधी हरवलं नव्हतं.

डॉक्टर मंगळवारी म्हणाले होते, पोटातलं पसरलंय. दोन आठवडे, फार तर. अन्न जात नव्हतं. रोज ग्लासभर हे भुकटीचं दूध, तेवढंच टिकत होतं.

"माझाच भाव काढ ना," मेल्चोर म्हणाला. "लग्नात बहात्तर किलो होतो, आता बेचाळीस. पाकीट तेच, माल कमी. तक्रार कर मॅनेजरकडे."

फळीवर डबे लावणारी मेरिदेल हसली आणि घाईघाईनं खोकली.

"गप्प बस रे," पुरिंग म्हणाली.

"बरं, ऐक. छोट्यात सात ग्लास. दोन छोटे घेतले की चौदा. सव्वाशेला ग्लास पडला. मोठ्यात अठ्ठावीस ग्लास. त्यातले मी पिणार चौदा. म्हणजे ग्लास पडला दोनशे पाचला. ओतून द्यायचा माल भावात धरायचा नाही, हे मला कोण शिकवायचं?"

पुरिंगनं ओठातल्या ओठात भागाकार केला. पुन्हा केला. बरोबर होता.

"वाचतील ते तुला राहू देत," तो हळूच म्हणाला. "तांदळाचं पोतं घे. पंचवीस किलोचं. किलोमागे स्वस्त पडतं."

"एकटी बाई पंचवीस किलो कधी संपवणार?"

 मेल्चोर समोरच्या सार्डिन माशांच्या डब्यांवरचे भाव वाचत बसला.

पुरिंगनं मोठा डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ढकलत काउंटरपाशी नेली. तिनं दोन हजार आठशे ऐंशी पेसो दिले. काउंटरवरच्या मुलीनं पावती फाडली. मग खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पुरिंगमावशी, पावती जपून ठेवा हं. आतलं सील नाही फोडलं तर महिनाभरात कधीही आणा. पूर्ण पैसे परत देतो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बघ!" मेल्चोर म्हणाला. "छोटा आण जा. आधी तो संपवू, हा राहू दे तसाच."

पुरिंगनं डबा काउंटरवर ठेवला. झाकण काढलं. चंदेरी सीलच्या मधोमध अंगठा ठेवला आणि दाबला. फट्‌कन आवाज झाला. भुकटी उडाली, थोडी काउंटरवर, थोडी मेल्चोरच्या गुडघ्यांवर.

तिनं झाकण घट्ट बसवलं आणि डबा पुन्हा त्याच्या मांडीवर दिला.

"नीट धर," ती म्हणाली. "महिनाभर पुरवायचाय."