गोणीमागे एक कुलूप

"लांबून काय दाखवतूस? किल्ली हाय का नवरी हाय बघायला? हातात दे," केशरबाई म्हणाली.

मोहनराव मुकादमाने दोरीतली एक किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. ट्रॅक्टर घरघरत उभा होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या आणि शेवटी उरलेल्या जागेत माणसे भरली होती. कारखान्याला निघालेली सगळी टोळी आता केशरबाईच्या तोंडाकडे बघत होती. तिला दिसते की नाही, हा प्रश्न मोहनरावाने नेमका निघायच्या वेळी काढला होता. मुकादमाला सगळे प्रश्न निघायच्या वेळीच आठवतात.

केशरबाईने किल्लीला बांधलेली चिंधीची पुरचुंडी अंगठ्याने चेपली. आत एक दाणा होता.

"हरभरा. म्हाळूची."

"आन् ही?"

"चिंचोका. वत्सलाची."

"माझीच कावून चिंचोका?" वत्सलाबाई ट्रॉलीतून ओरडली.

"बोलतीस तसाच हाय म्हणून."

ट्रॉली हसली. मोहनरावही हसला, पण त्याने मुद्दा सोडला नाही. "पाठ केलंय म्हातारीनं. पण मावशे, डोळ्यांचं बघ कायतरी. न्हाईतर पुढच्या साली किल्ल्या माझ्या बंगल्यावर. तिथं बारा म्हैने माणूस असतंय."

"इथं बी मी बाराच म्हैने असते," केशरबाई म्हणाली. पण तोवर ट्रॅक्टर निघाला होता आणि ते फक्त धुळीला ऐकू गेले.

नांदूरघाटापासून जवळच्या त्या वस्तीत दिवाळी झाली की दाराला कुलूप लागे, ते गुढीपाडव्याच्या आसपास निघे. किल्ली बरोबर न्यायची सोय नव्हती. उसाच्या फडात पडलेली किल्ली पुन्हा सापडत नाही, आणि सापडली तरी मागून पाचट पेटवलेले असते. शिवाय बंद घर कुणीतरी अधूनमधून उघडावे लागते. म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या केशरबाईकडे. तिचा गुडघा गेल्यापासून तिला फडावर कुणी नेत नव्हते. नवरा वारला होता. मुलगा कारखान्याकडेच ट्रॅक्टरवर राहिला होता, तिकडेच त्याने बायको केली, आणि दिवाळीला फोन करून तो "येतो" असे न चुकता सांगत असे.

आता कुलपांबद्दल. साऱ्या वस्तीला एकाच तोंडवळ्याची कुलपे होती, याचे कारण सोसायटी. काही वर्षांपूर्वी सोसायटीत खत आले, तेव्हा गोणीमागे एक कुलूप घेणे सक्तीचे होते. खताबरोबर कुलूप कशाला, असे एकाने सर्वसाधारण सभेत विचारलेही. त्यावर चेअरमन म्हणाले, की शेतकऱ्याचा माल सुरक्षित राहावा हेच सहकाराचे ध्येय आहे. टाळ्या झाल्या. त्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. खत गोणीतच दगड झाले, पण कुलपाचा उपयोग मात्र सगळ्यांना झाला. सोसायटीच्या इतिहासात इतकी उपयोगी पडलेली दुसरी वस्तू नाही.

एकसारखी कुलपे म्हणजे एकसारख्या किल्ल्या. सुरुवातीला केशरबाईने प्रत्येक किल्लीला ज्या त्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधली. हिरवी म्हाळूची, जांभळी वत्सलाची. मग मागच्या साली हळूहळू सगळी लुगडी एकाच रंगाची व्हायला लागली. पावसाने डोळ्यांत जाळे आले म्हणावे, तर पाऊसही नव्हता. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. चिंध्यांच्या जागी पुरचुंड्या केल्या आणि प्रत्येकीत वेगळा दाणा बांधला. हरभरा, चिंचोका, मका, सीताफळाची बी, शेंगदाणा. सटवाईसारख्या भांडकुदळ घराला लसणाची पाकळी. बोटांना सगळे दिसत होते.

टोळी गेली की वस्तीत चार-दोन म्हातारी माणसे आणि कुत्री उरत. म्हाताऱ्यांना ऐकू येत नसे आणि कुत्र्यांना भुंकायला कुणी नसे. दुपारी टँकर आला, की ड्रायव्हरला थांबवून केशरबाई कालचेच काहीतरी पुन्हा सांगे. पण संध्याकाळी फोन वाजे.

"मावशी, घर हाय का जाग्यावर?"

"हाय की. जातंय कुठं? तुज्यावानी ऊस तोडाया थोडंच जाणार हाय."

मग ती त्या घराची हकीकत सांगे. सकाळी उघडले होते, कोपऱ्यात वाळवी दिसली, रॉकेल टाकले, देवापुढे दिवा लावला, तुझ्या सासऱ्याच्या फोटोवरची धूळ पुसली. पलीकडे माणूस फडात उभा राहून ऐकत असे. त्याला दोन मिनिटे घरी जाऊन आल्यासारखे वाटे आणि केशरबाईला त्या दिवसाचे बोलणे मिळे. हा व्यवहार दोघांनाही परवडत होता. किल्ल्या बंगल्यावर गेल्या असत्या, तर फोनही बंगल्यावरच गेले असते. तिच्या फोनवर मग फक्त कंपनीची बाई उरली असती, जी आपलेच बोलते आणि आपले काही ऐकून घेत नाही.

पौषात घात झाला. दुष्काळाचा मार माणसांनंतर उंदरांवर आला. कणग्या रिकाम्या, घरे बंद, रानात दाणा नाही. उंदरांची टोळी कुठला मुकादम उचलत नाही, त्यामुळे ते गावातच होते. एका सकाळी केशरबाईने खुंटीवरची दोरी काढली आणि तिचा हात थबकला. सगळ्या पुरचुंड्या कुरतडलेल्या होत्या. हरभरा गेला, मका गेला, शेंगदाणा गेला. लसूणसुद्धा गेला. फक्त वत्सलाबाईचा चिंचोका दातांच्या खुणा घेऊन जमिनीवर पडला होता, आणि तो कुठल्या किल्लीचा हे आता सांगता येत नव्हते.

बाकी सगळ्या किल्ल्या नागड्या, गुळगुळीत आणि सारख्या.

त्या दिवसापासून तिने घरे उघडणे बंद केले. एखाद्या दाराशी किल्ल्या अडकवत बसली आणि कुणी पाहिले तर? पाहायला कुणी नव्हते, ही गोष्ट वेगळी. संध्याकाळी फोन आला, की ती म्हणे, "हाय जाग्यावर. दिवा लावला."

अशात एका दुपारी दारात शिवकन्या उभी. वत्सलाबाईची सून. पोट पुढे आलेले, हातात पिशवी.

"मावशी, किल्ली द्या."

"अगं, तू? एकलीच?"

"ह्यांनी नांदूरघाटला एसटीतून उतरवलं आन् माघारी गेले. जोडीतलं एक घरी बसलं की कोयता मोडला म्हणून मुकादम बोलतो."

"बाळंतपणाला माहेरी न्हाई गेलीस?"

"माहेराला बी कुलूपच हाय. आई सांगलीकडं गेली उसाला."

केशरबाईने तिला पाणी दिले. मग आणखी पाणी दिले. मग चहा टाकते म्हणाली. शिवकन्या म्हणाली, चहा नको, पाठ टेकायचीय. केशरबाई उठली, खुंटीवरची दोरी पदराखाली घेतली आणि म्हणाली, "चल, मीच उघडून देते."

दोन घरे सोडून तिसरे घर. केशरबाईने कुलूप हातात धरले, पाठ शिवकन्येकडे केली, आणि पहिली हाताला आली ती किल्ली देवाचे नाव घेऊन आत घातली.

कुलूप उघडले.

तिने सुस्कारा सोडला. इतका मोठा, की शिवकन्येने खाली वाकून ती किल्ली बघितली.

"मावशी, ही आमची न्हाई."

"तुमची न्हाई तर उघडलं कसं?"

"आमच्या किल्लीवर मी खिळ्यानं रेघ मारली व्हती. निघायच्या आदल्या दिवशी. तुमचा हात दारावर चाचपडताना बघितलता म्हणून."

शिवकन्येने दोरी तिच्या हातातून घेतली, कुरतडलेल्या चिंध्या पाहिल्या, रेघेची किल्ली शोधली आणि कुलपात घातली. उघडले. मग बाजूची तिसरीच घातली. तीही चालली. शिवकन्येला हसू फुटले. तिने पोटाला हात लावून हसू आवरले आणि म्हाळूच्या दाराशी जाऊन आपल्या किल्लीने म्हाळूचे घर उघडले.

"मावशी! सोसायटीनं किल्ली एकच बनवली व्हती बघा! कुलपं तेवढी मोजून दिली!"

केशरबाईही हसली. दोघी मोकळ्या गल्लीत एका दारावरून दुसऱ्या दारावर जात राहिल्या. भांडकुदळ घराचे कुलूप शिवकन्येच्या किल्लीने सगळ्यात आधी निघाले, त्यावर शिवकन्या असे काही बोलली, की ते केशरबाईने तिला नंतर पुन्हा बोलायला लावले. एखाद-दुसरे कुलूप अडून बसे. बाकीची कुणाच्याही हाताला येत होती.

मग केशरबाई म्हाळूच्या ओट्यावर बसली आणि तिचे हसणे थांबले.

"म्हंजी इतकी वर्सं मी काय राखलं गं?"

शिवकन्या तिच्याशेजारी बसली.

"कुणाला सांगू नगंस," केशरबाई म्हणाली. "डोळ्यांचं बी नगं, कुलपाचं बी नगं. लोकाला कळलं तर किल्ल्या मोहनरावाकडं जातील. मग माझ्याशी कोण बोलंल? मी काय टँकरवाल्याशी किती बोलू?"

"न्हाई सांगत, मावशी."

"शपत?"

"पोटातल्याची नगा घ्यायला लावू. न्हाई सांगत म्हणले ना."

तिने सांगितले नाही. महिनाभराने तिला मुलगी झाली. केशरबाईने शेक-शेगडी केली, बाळाला तेल लावले, आणि चुलीपुढे बसून दोघींनी सगळ्या किल्ल्यांना नव्या खुणा केल्या. या वेळी उंदरांना पचणार नाही असे सगळे: फुटक्या बांगडीचा तुकडा, सायकलच्या ट्यूबचा पट्टा, जुना हूक, सुतळीच्या गाठी. अडून बसणाऱ्या कुलपांच्या किल्ल्या लावून बघून ठरवल्या, बाकी कुठली किल्ली कुणाची, ते दोघींनी अंदाजानेच ठरवले. त्या दिवसांत केशरबाईचा फोन वाजला तर ती कधीकधी म्हणे, "थांब जरा, पोरगी झोपलीय." असे म्हणायला तिला फार आवडे.

पाडव्याला टोळी परतली. प्रत्येकाने आपली किल्ली नेली, प्रत्येकाचे कुलूप उघडले. मोहनरावाचा मुद्दा वाया गेला. मृगात दोन सरी पडल्या, पुढे काही नाही. चेअरमन पुन्हा निवडून आले. दिवाळी झाली आणि ट्रॅक्टर पुन्हा गल्लीत येऊन घरघरू लागला.

"मावशे, दिसतंय का?" मोहनराव म्हणाला. "का या साली बंगल्यावर ठेवायच्या?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. म्हाळू किल्ली हातात धरून उभा राहिला. ती हळूच पुन्हा खिशाकडे चालली होती.

तेवढ्यात शिवकन्या लेकीला काखेत घेऊन ट्रॉलीतून खाली उतरली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "धरा मावशी, आमची पयली." आणि किल्ली केशरबाईच्या हातात दिली. "माझं लेकरू जिच्या हातात वाढलं, तिच्याकडं घर न्हाई ठिवायचं तर कुणाकडं?"

मग म्हाळूने दिली. मग बाकीच्यांनी. भांडकुदळ घराने भांडण न करता दिली. मोहनराव ड्रायव्हरवर ओरडला, "चल बे, उन्हं चढली." लेक केशरबाईच्या पदराला धरून राहिली होती. शिवकन्येने तिची बोटे एकेक करून सोडवली, केशरबाईच्या तोंडाकडे न बघता तिच्या पाया पडली, आणि ट्रॉलीत चढली.

दोन दिवस केशरबाई घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या सकाळी पहिल्यांदा शिवकन्येचे घर उघडावे म्हणून ती निघाली. पाळणा आत होता, त्याच्या दोरीला वाळवी लागली असती. ओट्यावर चढून तिने कुलूप चाचपले आणि किल्ली आत घातली.

किल्ली गेली नाही.

तिने उलटी करून घातली. रेघ हाताला लागत होती, किल्ली शिवकन्येचीच होती. तिने दोरीतली दुसरी घालून बघितली, मग तिसरी, मग उरलेल्या सगळ्या. एकही गेली नाही. तेव्हा तिने कुलूप दोन्ही हातांत नीट धरले. ते जड होते, गार होते, कडी जाड होती आणि त्याला अजून दुकानातल्या तेलाचा वास होता.

पोरीने शब्द पाळला होता. तिने कुणालाही काही सांगितले नव्हते.

केशरबाई घरी आली. कालच्या टँकरचे पाणी घागरीच्या तळाला होते. त्यातला एक तांब्या भरून ती परत गेली, बाहेरूनच ओटा झाडून काढला, आणि बंद दाराच्या उंबऱ्यावर सडा घातला.